लाइन गेली की सोलरही बंद

मी सौर ऊर्जेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. नागपूरच्या एका सभागृहात मी जे बोलले त्यानंतर आमच्या खात्यात माझी ओळख 'सोलरवाल्या मॅडम' अशीच करून दिली जाते, आणि करून देणारा हसत असतो. हसू दे. पॅनलवर माझा काही राग नाही. ती काच आहे, ऊन पडलं की वीज करते. ज्या माणसांनी ती काच आमच्या डोक्यावर ठेवली आणि मग हात झटकले, त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी नागपूर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी आहे. राहते नागपुरात, हुडकेश्वरला. रोज सकाळी डबा घेऊन गाडी काढते आणि केंद्रावर जाते. लहानपण कोराडीच्या कॉलनीत गेलं. बाबा तिथल्या कोळशाच्या वीज केंद्रात होते. आई दोरीवरचे कपडे आधी झटकायची, मग घडी करायची, कारण त्यांच्यावर राख बसलेली असायची. पण घरातला पंखा थांबलेला मला आठवत नाही. लाइन जाणं म्हणजे काय, हे मला नोकरीत कळलं. आमचं केंद्र तारेच्या शेवटच्या टोकाला आहे. कुठे फांदी पडली, कुठे खांबावरचा जोड, जंपर, उडाला, की पहिली आमची लाइन जाते, आणि यायची वेळ झाली की सगळ्यांच्या मागून येते.

त्यासाठी आमच्याकडे एक जुना इन्व्हर्टर होता आणि एक डिझेलचं जनरेटर. दोन्ही कुरकुरत का होईना, चालायची. बाळंतपणाची खोली आणि लसींचा फ्रीज तेवढा सांभाळला जायचा. मग खात्याला सौर ऊर्जा सुचली.

पॅनल बसवले ते थंडी सरता सरता. ठेकेदाराची माणसं आली, गच्चीवर लोखंडी सांगाडे उभे राहिले, चकचकीत निळ्या काचा लागल्या. मग एक दिवस आमच्या खात्याचे जिल्ह्याचे साहेब आले. नारळ फुटला, फीत कापली, भिंतीवर ग्रॅनाइटची पाटी लागली. दारासमोर रांगोळी होती, भला मोठा पिवळा सूर्य. ती आमच्या आशाताईंनी काढली होती.

या ताईंबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांचंच आहे. आमच्या केंद्राखालच्या एका गावात त्या आशा कार्यकर्ती होत्या. वय चाळिशीच्या पुढे, अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की गावाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या सुनेनं गोळ्या घेतल्या की नाही ते कळावं. नवरा नागपुरात लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचा. म्हातारी सासू, शिकणारी मुलगी आणि घरची थोडी शेती, सगळं ताईंवर. तरी गावात कोणाला दिवस गेले की घरच्यांच्या आधी ताईंना कळायचं. पुरुषांच्या हातातला तंबाखू-सुपारीचा खर्रा हिसकून गटारात टाकायच्या आणि वर त्यांनाच शिव्या घालायच्या. मलाही सोडायच्या नाहीत. दुपारी माझा डबा तसाच दिसला की म्हणायच्या, "मॅडम, आमाले सांगता जेवा जेवा, आन् तुमी सोता उपाशी काहून राहून राहिल्या?"

उद्घाटनाच्या दिवशी साहेब चहा घेत होते तेव्हा ताईंनी ठेकेदाराच्या माणसाला गाठलं.

"भाऊ, आता लाइन गेली तरी पंखा चालन ना?"

"हो ताई. फुल सोलर आहे आता," तो फोनमधून मान वर न करता म्हणाला.

ताई खूश झाल्या. गावात जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आपल्या दवाखान्यात आता लाइन जाणार नाही.

त्याच आठवड्यात जुना इन्व्हर्टर निकामी ठरवून नेला. जनरेटर जागेवर राहिलं, पण त्याचं डिझेल थांबलं. मी फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, तुमच्याकडे सोलर लागलं ना? सोलर असलेल्या केंद्रांचं डिझेल बंद केलंय." ऐकायला ते तेव्हा मलाही रास्त वाटलं.

लाइन पहिल्यांदा गेली ती लसीकरणाच्या दिवशी. बाहेर लख्ख ऊन, आत बाळं घेऊन बसलेल्या बाया. पंखे हळू होत होत थांबले. आम्ही सगळ्यांनी एकदम वर पाहिलं, जणू आता ते आपोआप फिरू लागतील. फिरले नाहीत. सिस्टर जाऊन बोर्डावरची सगळी बटणं खालीवर करून आल्या. शिपाई गच्चीवर चढून आला आणि म्हणाला, वर तं सगळं बरोबर दिसून राहिलं.

ठेकेदाराचा माणूस बऱ्याच फोनांनंतर आला. तोच, फोनमधून मान वर न करणारा.

"बिघाड काही नाही मॅडम. हे ऑन-ग्रिड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे याची वीज तारेत जाते. तारेत लाइन असेल तरच हे चालतं. लाइन गेली की हे आपणहून बंद होतं. नाहीतर खांबावर जो लाइनमन काम करून राहिला, त्याले शॉक नाही का लागणार?"

"अहो, म्हणजे लाइन असली की चालणार आणि नसली की बंद?"

"हो."

"मग लाइन गेल्यावर काय करायचं?"

"त्याले बॅटरी लागते. बॅटरी असली तं तारेपासून तोडून आतल्या आत चालवता येते. पण बॅटरी या टेंडरमध्ये नाही." मग माझा चेहरा पाहून समजूत घालत म्हणाला, "बिल कमी येईल ना पण."

बिल कमी येईल. आमचं बिल कोणाला नडत होतं? आम्हाला नडत होती ती अंधारातली बाळंतपणं, गरम होत जाणारा लसींचा फ्रीज, बंद पडलेलं ऑक्सिजनचं मशीन. दवाखान्याला काय हवं, हे दवाखान्याला एका शब्दानं न विचारता कोणीतरी ठरवलं होतं. आणि नुसतं आमच्या कामाचं नाही ते दिलं असतं तरी चाललं असतं. जे कामाचं होतं तेही त्याच्या बदल्यात काढून घेतलं होतं.

मी साहेबांना फोन केला. ते शांतपणे बोलतात, नेहमीच. म्हणाले, "मॅडम, ही राज्यभराची योजना आहे. तुमच्या एका केंद्रासाठी वेगळं कसं करणार?"

"सर, मग निदान डिझेल सुरू करा."

"सोलर असताना डिझेल मागितलं तर ऑडिटला काय उत्तर देऊ?"

मी लिहून कळवलं. पुन्हा लिहून कळवलं. मासिक बैठकीत उठून बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या. शेजारच्या केंद्राचे डॉक्टर चहाच्या वेळी हळूच म्हणाले, "आमच्याकडेही तेच आहे, पण कोण बोलणार?"

उन्हाळा आला. नागपूरच्या उन्हाळ्याचं मी वर्णन करत बसत नाही. वरून आदेश आला, प्रत्येक केंद्रात उष्माघातासाठी शीतकक्ष तयार करा. आम्ही एक खोली रिकामी केली, खाटा टाकल्या, दोन कूलर लावले, खिडक्यांना वाळ्याचे पडदे बांधले, बर्फाच्या पिशव्यांची सोय केली. लाइन असताना कूलर चालू करून फोटो काढला आणि वर पाठवला. फोटोला अंगठा आला.

दुसरा आदेश आशांसाठी होता. घरोघर जा, उन्हापासून जपायला सांगा, जलसंजीवनीची पाकिटं द्या, आणि ज्याला दिली त्याच्यासोबतचा फोटो ॲपवर टाका. रोज टाका. मी माझ्या सगळ्या आशांना बजावलं, सकाळीच फिरा, दुपारी कोणीही बाहेर पडायचं नाही. ताई म्हणाल्या, "मॅडम, सकाळी घरी कोन भेटते? समदे तेंदूपत्त्याले जंगलात जाते. दुपारीच येते वापस."

"मग राहू द्या. मी वर सांगते."

"तुमी सांगसान. आन् ग्रुपवर आमचं नाव लाल रंगात येते त्याचं काय?"

खरंच यायचं. ज्यांचे फोटो कमी, त्यांची नावं रोज संध्याकाळी लाल रंगात ग्रुपवर पडायची. कूलरच्या खोलीत बसून कोणीतरी तो रंग देत होतं.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागला होता. त्या दिवशी सकाळपासूनच लाइन नव्हती. वीज कार्यालयात फोन केला तर, काम सुरू आहे, एवढंच सांगत होते. दुपारच्या सुमाराला एक मालवाहू ऑटो अंगणात शिरला आणि बायांचा आरडाओरडा ऐकू आला. मी बाहेर धावले. ऑटोच्या पत्र्यावर, गोणपाटावर, आमच्या आशाताई आडव्या होत्या. खांद्याला पिशवी तशीच अडकलेली, त्यातून पाकिटं बाहेर सांडलेली. गावाबाहेरच्या वस्तीवर जाताना त्या वाटेतच पडल्या होत्या. ऑटोवाल्याला दिसल्या म्हणून तो गावातल्या बायांना सोबत घेऊन त्यांना इथे आणू शकला; नाहीतर त्या वेळी त्या वाटेनं कोण जातं?

मी हात लावला आणि हात मागे घेतला. अंग तव्यासारखं, आणि कोरडं ठक्क. घामाचा टिपूस नाही. डोळे अर्धे उघडे. तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान जवळ नेला.

"फोटो राह्यला... तिचा फोटो राह्यला वं..."

आम्ही त्यांना उचलून शीतकक्षात नेलं. शीतकक्ष! त्या खोलीत दोन्ही कूलर मख्ख उभे होते, वाळ्याचे पडदे सुकून वाजत होते, आणि हवा भट्टीतल्यासारखी होती. उष्माघातात औषधापेक्षा एकच गोष्ट मोठी असते, अंग लवकरात लवकर थंड करणं. अंग भिजवायचं आणि त्यावर जोराचा वारा घालायचा. पाणी आमच्याकडे माठात होतं. वारा नव्हता.

सिस्टरांनी लसींच्या फ्रीजरमधल्या बर्फाच्या पिशव्या आणल्या. निम्म्या वितळून गेल्या होत्या. काखेत, मानेला, जांघेत जेवढ्या होत्या तेवढ्या ठेवल्या. शिपायानं माठ आणून ओतला. मी सलाइन लावली. सोबत आलेल्या बायांना ओरडून सांगितलं, "वारा घाला! जे मिळेल त्यानं घाला!" कोणी पुठ्ठा घेतला, कोणी पदर. एक बाई धावत गेली आणि शेजारच्या घरांतून सुपं घेऊन आली. मग सुपांनी वारा सुरू झाला. चार बाया खाटेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून, घामानं न्हात, सूप हलवत होत्या. दमली की दुसरी पुढे यायची. कोणीही एकमेकीला सांगत नव्हतं.

तेवढ्यात ताईंना झटका आला. सगळं अंग ताठलं, दात आवळले गेले. मी इंजेक्शन दिलं, त्यांना कुशीवर वळवलं, सिस्टरांनी पायाच्या पंपानं तोंडातली घाण ओढून काढली. ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात मेलेलं होतं. सिलिंडरमध्ये होता तेवढा लावला. झटका थांबला. ताप मोजला. सिस्टरांना पुन्हा मोजायला सांगितलं, कारण मला दिसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नव्हता.

ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. मी फोनला रेंज मिळावी म्हणून अंगणात आले आणि साहेबांना फोन लावला.

"सर, आपली आशा उष्माघातानं सिरीयस आहे. लाइन नाही. कुठून तरी जनरेटरला डिझेल पाठवा, नाहीतर वीज कार्यालयात तुम्ही बोला. माझं कोणी ऐकत नाही."

"मी उष्णतेच्या आढावा बैठकीत आहे मॅडम. पेशंट रेफर करा ना, एवढं काय."

"ॲम्ब्युलन्स नाही अजून."

"येईल. आणि शीतकक्ष आहे ना तुमच्याकडे? फोटो पाहिलाय मी."

फोन कानाला तसाच होता आणि मी वर पाहिलं. गच्चीवर ओळीनं पॅनल उभे होते. त्यांच्यावरून येणारी तिरीप डोळ्यांना सहन होत नव्हती. इतकं ऊन की त्यावर आख्खं गाव थंड करता आलं असतं, आणि खाली माझी माणसं सुपानं वारा घालत होती. आयुष्यात मी कोणाला मारलेलं नाही. त्या क्षणी साहेब समोर असते तर काय केलं असतं, मी सांगू शकत नाही. फोनवर मी एक शब्द बोलले, तो इथे लिहीत नाही, आणि आत गेले. आमच्या शिपायाला तो ऐकू आला. तो मोटारसायकल काढून गेला आणि डिझेल घेऊन आला. गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून मागून आणलं होतं. पण जनरेटर एवढे दिवस उभं राहिल्यानं चालू झालं नाही.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ताईंचा ताप थोडा खाली आला होता. तो सुपांनी आणला. हे मी कुठेही, कोणाहीसमोर सांगायला तयार आहे. मी त्यांच्यासोबत नागपूरला गेले. गाडीतल्या एसीची झुळूक लागली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात त्यांना अतिदक्षता विभागात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी खूप केलं. संध्याकाळी लकडगंजातून त्यांचे यजमान आले. निरोप मिळाला तसे कामावरूनच निघाले होते. केसांत, भुवयांत लाकडाचा भुसा. माझ्यासमोर उभे राहिले, बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्याकडे तं सोलर लागलं होतं ना? ती मले सांगे, आता आमच्या दवाखान्यात लाइन जात नाही म्हणून."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऑन-ग्रिड, तार, लाइनमन, बॅटरी. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग ते लावलं कायले?"

एवढ्या बैठका झाल्या, पण हा प्रश्न तिथे कोणीही विचारला नव्हता.

ताई वाचल्या. त्या शुद्धीवर आल्या त्या दिवशी आम्ही केंद्रात पेढे वाटले. पण घरी आल्या त्या वेगळ्याच. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग उन्हानं भाजून निघाला होता. चालताना पाय फाकून, भिंत धरून चालायच्या. घास तोंडाकडे नेताना हात थरथरायचा. आणि तो आवाज, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा, तो जड झाला होता. शब्द तोंडात घोळून बाहेर यायचे. मी भेटायला गेले की सासूबाई मला ऐकवायच्या, "पायली का वं माय, कशी होती आन् कशी झाली." मी मान खाली घालून चहा प्यायचे.

मग चौकशी आली. चौकशीचा प्रश्न काय असावा? दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये अशा स्पष्ट सूचना असताना सदर आशा त्या वेळेत बाहेर का गेली? बस. ॲपचं नाव नाही, लाल रंगाचं नाव नाही, लाइनचं नाव नाही, डिझेलचं नाव नाही. दोष ताईंचा ठरला. त्यांच्यासाठी भरपाई मागितली तर सांगितलं, त्या मानधनावर आहेत, कर्मचारी नाहीत. राबवून घ्यायला कर्मचारी, पडल्यावर स्वयंसेविका. मी भांडले. कामाला लावताना तुम्हाला हा फरक का आठवत नाही, असं विचारलं. चौकशीला आलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही भावनिक होऊन राहिल्या."

पावसाळ्यात मला नागपूरला एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं. सौर ऊर्जेमुळे ज्या केंद्रांचं वीजबिल कमी झालं त्यांचा सत्कार होता. आमचं केंद्र त्यात होतं. मी आधी जाणार नव्हते. मग ताईंच्या घरी गेले आणि सांगितलं.

"जा," त्या म्हणाल्या. शब्द सुटे सुटे येत होते. "आन्... बोला."

सभागृह इतकं थंड होतं की मी पदर लपेटून बसले. एकेक डॉक्टर मंचावर जात होते, रोपटं आणि ढाल घेत होते, दोन शब्द बोलत होते. माझी पाळी आली. मी रोपटं घेतलं, ढाल टेबलावर राहू दिली आणि माइक धरला.

"आमच्या केंद्राचं बिल कमी आलं, हे खरं आहे," मी म्हणाले. "पण लाइन गेली की आमचं सोलर बंद पडतं, हेही खरं आहे. याच उन्हाळ्यात आमची आशा उष्माघातानं आमच्याच शीतकक्षात पडून होती. गच्चीवर पॅनल होते, आकाशात सूर्य होता, आणि आम्ही तिला सुपानं वारा घातला. ती आता भिंत धरून चालते. तिला इथे आणणार होते, पण तिला तुमच्या पायऱ्या चढता येत नाहीत. ही ढाल ठेवून घ्या. आम्हाला बॅटरी द्या."

निवेदिकेनं गोड आवाजात, तांत्रिक अडचणी येतच असतात, असं काहीतरी म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं. जिना उतरताना साहेबांनी मला गाठलं. अजून शांतच.

"मॅडम, ही जागा नव्हती बोलायची."

"सर, जी जागा होती तिथे मी खूपदा बोलले."

"गडचिरोलीकडे जागा रिकाम्या आहेत. विचार करून ठेवा."

मी म्हटलं, "तिथे बॅटरी आहे का?" आणि निघाले.

माझी बदली झाली नाही, कारण कोणीतरी माझं बोलणं फोनवर टिपलं होतं. ते डॉक्टरांच्या ग्रुपांवर फिरलं. आणि मग जे आजवर चहाच्या वेळी हळूच बोलत होते ते लिहू लागले. आमच्याकडेही हेच. आमच्याकडेही डिझेल बंद. आमच्याकडे दोनदा लसी फेकाव्या लागल्या. एकटीचं रडगाणं दाबता येतं. इतक्या जणांचं दाबणं अवघड गेलं असावं. थंडीत बॅटऱ्या आल्या. फीत नाही, नारळ नाही. बाळंतपणाची खोली, लसींचा फ्रीज आणि शीतकक्ष एवढंच जोडायचं होतं.

बसवायला तोच माणूस आला, एक मदतनीस घेऊन. जेवणानंतर काम सुरू केलं आणि ऊन कलायच्या आत हात धुतले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं मॅडम."

मी मेन स्विच खाली पाडायला सांगितला. ओपीडीतले पंखे थांबले. शीतकक्षातला कूलर फिरत राहिला. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. मी कूलरसमोर उभी होते, तोंडावर वारा येत होता, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. एका दुपारचं काम! दोन माणसं, एक दुपार. हे काम पहिल्याच वेळी झालं असतं तर एक बाई आज स्वतःच्या पायांनी, न धडपडता, स्वतःच्या गावात फिरली असती. लोक मला म्हणतात, शेवटी झालं ना, आता सोडा. कसं सोडू?

काही दिवसांनी ताई मुलीच्या आधारानं केंद्रात आल्या. सगळ्या खोल्यांतून भिंत धरत फिरल्या. बॅटरीच्या कपाटावर हात ठेवला. मग बाकावर बसल्या आणि दम खात म्हणाल्या, "मॅडम... आमच्या गावच्या उपकेंद्रावर... कधी लावून राहिले?"

त्यांच्या गावच्या उपकेंद्रात बाळंतपणं होतात. तिथे इन्व्हर्टरही नाही. मी म्हटलं, विचारते. त्यांच्यासमोरच फोन लावला.

पलीकडचा बाबू उत्साहात होता. म्हणाला, "मॅडम, आनंदाची बातमी आहे. उपकेंद्रांसाठी सोलर मंजूर झालंय. लवकरच बसेल."

"बॅटरीसकट?"

थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "नाही मॅडम. ऑन-ग्रिड आहे. बिल कमी येईल ना."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांना पलीकडचं ऐकू आलं होतं. त्यांनी थरथरता हात पुढे केला. मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

"मी... बोलून राहिली," त्या म्हणाल्या, एकेक शब्द जोर लावून बाहेर काढत. "तक्रारीत... माहं नाव... लिवून घ्या."

मग तो बाबू म्हणाला, "कोण बोलतंय?"

ताईंनी नाव सांगितलं. त्याला नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाकावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि ओपीडीतली सगळी माणसं वळून बघत होती.